दोन मीटरची कृपा

जगात बलवान टिकत नाही, बुद्धिमानही टिकत नाही; कुठे बसावं हे ज्याला कळतं, तो टिकतो. हे सत्य अभ्यासायला आमच्या गालापागोस बेटांवर देशोदेशीचे विद्वान येतात, पक्ष्यांच्या चोची मोजतात आणि परत जातात. मासळीबाजारात मात्र त्यांच्यापैकी कोणी फिरकत नाही. (तिथे वास येतो.)

धक्क्यालगत रेमेदियोसबाईंचा मासळीचा ओटा आहे. त्याला टेकून एक समुद्रसिंह दिवसभर लोळत असे. अंगानं म्हैस, मिशांनी सुभेदार. बाईंनी आपल्या दिराच्या स्मरणार्थ त्याचं नाव तिबुर्सियो ठेवलं होतं. (दीर हयात आहे.)

मग वन्यजीव खात्यानं नियम कडक केला. कोणत्याही प्राण्यापासून माणसानं दोन मीटर दूर राहावं. प्राणी जवळ आल्यास माणसानं सरकावं. प्राण्यानं काय करावं, याबद्दल नियम आदरपूर्वक मौन बाळगतो. अंमलबजावणीसाठी राजधानीहून आंद्रांगो नावाचे निरीक्षक आले. डोंगराकडचा माणूस, बोट लागून सगळं उलटून पडलं, नियम तेवढे पोटात टिकले.

"बाई, मागे व्हा. प्राणी आहे."

"अहो, पण हा ओटा माझा आहे!"

"ओटा तुमचा असेल. अंतर सरकारचं आहे."

बाई मागे झाल्या. त्या दिवशी धंदा पेलिकन पक्ष्यांनी सांभाळला. माल सगळा उठला.

दुसऱ्या दिवशी बाई तिबुर्सियोच्या पाठीला पाठ लावून सुरीला धार करत बसल्या. आंद्रांगो तरातरा आले आणि दोन मीटरवर थबकले.

"बाहेर या! दंड करायचाय."

"इथे येऊन करा की, साहेब."

साहेबांनी पाऊल उचललं, त्यांना नियम आठवला, आणि पाऊल होतं तिथेच परत ठेवलं. दंडाची पावती हातात द्यावी लागते, आणि सरकारनं त्यांना दोन मीटरचा हात दिलेला नव्हता.

बाजाराला एवढं पुरलं. दुपारपर्यंत बाईंचे यजमान विल्फ्रिदो बंदीच्या काळात पकडलेल्या शेवंडी घेऊन तिबुर्सियोच्या शेपटीशी स्थायिक झाले. परवाना नसलेल्या न्हाव्यानं डाव्या कुशीला खुर्ची मांडली. शेजारच्या नार्सिसाबाईंनी तर ट्यूनाचं मुंडकं भरवून थेट मिशांजवळची जागा पटकावली.

"सरक गं जरा! तुझ्या बापाचा समुद्रसिंह आहे का?"

"तुझ्या तरी बापाचा आहे का?"

"बापाचा नाही, दिराचा आहे!"

भरवण्याची अशी चढाओढ लागली की तिबुर्सियोनं शिकार सोडली. त्याला साधी शिंक आली तरी बाजाराच्या काळजात धस्स होई. (नार्सिसाबाईंनी नवस बोलला. नवरा आजारी असताना त्यांनी नुसता काढा दिला होता.)

असं वर्ष गेलं. एके दिवशी उकडलं म्हणून तिबुर्सियो उठला आणि पाण्यात उतरला. बाजारही उतरला. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन कंबरभर पाण्यात, न्हावी छातीभर, आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गळ्याभर. किनाऱ्यावर आंद्रांगो तेवढे उरले.

त्याच वेळी वर्षभरात एकही दंड का वसूल झाला नाही, हे विचारायला राजधानीहून त्यांचे वरिष्ठ बोटीतून उतरले. वरिष्ठांनी चष्मा पुसला. आंद्रांगोंनी त्यांच्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, बूट काढले आणि पाण्यात शिरले.

"बाई, जरा जागा होईल का?"

रेमेदियोसबाईंनी त्यांना ओल्या विजारीपासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"मुंडकं आणलंत?"

"उद्या आणतो."

"या. पण पोटाकडे नको, तिथे न्हाव्याचा मेहुणा आहे."

वरिष्ठ अजून किनाऱ्यावर उभे राहून हाका मारताहेत. नियम मोडून प्राण्याजवळ यायला तेही तयार नाहीत.

तुम्ही हसताय, हसा. पण जागचे हलू नका, आणि आवाजही जरा बेतानंच. तुम्ही ज्याला टेकून बसला आहात, त्याला जाग येईल.