मशीनचा निर्णय अंतिम राहील

नवी वस्तू नवी आहे, हे मनुष्याला फार काळ सहन होत नाही. सदरा शिवून आला की तो बाजूंनी थोडा आत घ्यावासा वाटतो, घर ताब्यात आलं की आधी एक भिंत पाडावीशी वाटते, आणि जावई मिळाला की त्याच्यात कोणकोणत्या सुधारणा शक्य आहेत याची चर्चा लग्नाच्या जेवणावरच सुरू होते. याच उदात्त प्रेरणेतून नव्या मोटारीच्या इंजिनाचं ट्यूनिंग हा थोर उद्योग जन्माला आला. त्याची निंदा करणाऱ्यांतला मी नाही.

ज्यांना विषय अपरिचित आहे त्यांच्या माहितीसाठी: हल्लीच्या इंजिनाला एक छोटा संगणक असतो. त्याला मेंदू म्हणतात. कंपनी त्यात संयम भरून पाठवते. इंधन किती प्यायचं, जोर किती लावायचा, सगळं ठरवून दिलेलं. ट्यूनिंगवाला त्याला लॅपटॉप जोडतो, संयम काढून घेतो आणि त्या जागी महत्त्वाकांक्षा भरतो. गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळू लागते. कुठे पळते, हा वेगळा प्रश्न. (आमच्या रस्त्यावर सिग्नल इतके जवळजवळ आहेत की कुणी तिसरा गिअर टाकला तर लोक गॅलरीत येऊन बघतात.)

आता वॉरंटी. वॉरंटी म्हणजे कंपनीने ग्राहकावर टाकलेला ठळक अक्षरांतला विश्वास आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेला संशय. त्यात म्हटलेलं असतं की, इंजिनात बाहेर फेरफार केला व त्यामुळे बिघाड झाला, तर कंपनी जबाबदार राहणार नाही. म्हणजे काच अडकली, हॉर्नचा घसा बसला, तर कंपनी धावत येईल. पण इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सने मान टाकली, की ती तुम्हाला ओळख दाखवणार नाही. याहून न्याय्य व्यवस्था मला तरी सुचत नाही. काच त्यांची, कर्तृत्व तुमचं.

आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, चष्म्याचे दुकानदार आहेत. बारीक अक्षरं हा त्यांचा धंदा. ती ते दुसऱ्यांना वाचायला लावतात. स्वतः वाचत नाहीत. त्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा बहिणीने (सगळे तिला बेबी म्हणतात, ती आता आजी आहे) एकच अट घातली.

"बाहेर कुणाचा हात लागू द्यायचा नाही. वॉरंटी गेली तर किल्ली माझ्याकडे."

मेहुण्यांच्या दृष्टीने याहून भयंकर शिक्षा नव्हती. बेबी उत्तम गाडी चालवते, असं तिला शिकवणारे सांगत. पण लग्न झाल्यापासून मेहुण्यांनी तिला स्टिअरिंगला शिवू दिलं नव्हतं. कारण शास्त्रीय होतं: "क्लच फार नाजूक असतो गं. हात बसावा लागतो."

"क्लच पायानं दाबतात," बेबी म्हणायची.

"तेच तर!"

असो. महिनाभरात मेहुणे टायरच्या दुकानामागे, मळक्या पडद्याआड बसणाऱ्या उस्तादांकडे पोचले. मी सोबत होतो, निव्वळ अभ्यासक म्हणून. उस्तादांनी बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

"दम कोंडलाय हो हिचा."

"म्हणजे?"

"बांधून ठेवलंय कंपनीनं. मोकळी करू?"

मेहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांना स्वतःला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"पण वॉरंटी?"

"सर्व्हिसला जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे यायचं. मूळचं होतं तसं भरून देतो. शाळेच्या पोरासारखी भांग पाडून पाठवतो. झालं की परत या, परत मोकळी करू."

ही या क्षेत्रातली सर्वमान्य प्रथा आहे. गाडी वर्षभर उनाडते आणि सर्व्हिसपुरती सभ्य होते. (माझ्या पाहणीनुसार असे शंभर टक्के मालक सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून शिरताना विनाकारण शीळ घालतात. उरलेले विनाकारण हवामानावर बोलतात.)

मेहुण्यांचे पुढचे दिवस आनंदाचे गेले. सिग्नल हिरवा झाला की ते सुटायचे आणि पुढच्या लाल सिग्नलपाशी इतरांच्या कितीतरी आधी पोचून थांबायचे. तिथे ते सगळ्यांची वाट बघत. मग एका चढावर गाडी गुरगुरली, पण हलेना.

"कसला जळका वास येतोय?" बेबीने विचारलं.

"पुढच्या ट्रकचा."

पुढे ट्रक नव्हता. पुढे सायकलवर एक बाई होती, आणि ती मागे वळून नाक दाबत होती.

क्लच गेला होता. गाडी दोरीने ओढत आधी उस्तादांकडे नेण्यात आली (बेबीला "हवा भरून आणतो" असं कळवण्यात आलं). उस्तादांच्या लॅपटॉपमध्ये अनेक गाड्यांचे मूळ, निष्पाप मेंदू साठवलेले होते. गडबड होती, गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांनी एक मेंदू निवडला, भरला आणि गाडी पवित्र झाली.

सर्व्हिस सेंटरला बेबीही आली. काचेच्या भिंती, माशांची टाकी, फुकटची कॉफी. काउंटरवर सल्लागार बाई होत्या. त्यांच्या मागे चौकटीत मॅनेजरसाहेबांच्या सहीचं परिपत्रक: "फेरफाराबाबत मशीनचा निर्णय अंतिम राहील. मालकाचे म्हणणे ऐकून घेऊ नये." आणि त्या चौकटीखाली टाय सरळ करत खुद्द मॅनेजरसाहेब.

बाईंनी डॉक्टरच्या सुरात विचारलं, "बाहेरचं काही?"

"छे हो! घर ते दुकान, दुकान ते घर."

"इंजिनाला कुणाचा हात?"

"मी स्वतःसुद्धा लावत नाही," मेहुणे म्हणाले, आणि शीळ घालू लागले.

बाईंनी मशीन जोडलं. मशीन किंचाळलं.

"फेरफार झालाय," बाई म्हणाल्या. शीळ थांबली. बेबीने कॉफी खाली ठेवली. मेहुण्यांनी किल्लीच्या खिशावर हात दाबून धरला.

"पण एक अडचण आहे. मेंदूतला गाडीचा नंबर ह्या गाडीचा नाही." बाईंनी नंबर टाकून शोध घेतला. मग त्या शांतपणे वळल्या. "साहेब, तुमच्या गाडीचा आहे."

साहेबांनी टायची गाठ सैल केली.

"अहो, काहीतरीच! गाडी ह्यांची समोर उभी आहे!"

"गाडी ह्यांची, साहेब. मेंदू तुमचा. आणि फेरफार मेंदूत झालाय."

"मशीन बिघडलं असेल."

"मालकाचं ऐकायचं नाही, असं वर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "सही तुमचीच आहे."

मॅनेजरसाहेबांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. एकाच शाळेत, एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं उतारवयात भेटावीत, तसं ते पाहणं होतं.

"टायरच्या दुकानामागे?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"मळका पडदा," मेहुणे म्हणाले.

पुढची कारवाई नियमानुसार झाली. मशीनने ज्या नंबरला दोषी ठरवलं, त्याची वॉरंटी रद्द करण्यात आली, म्हणजे साहेबांची. मेहुण्यांच्या नंबराविरुद्ध मशीनची काहीच तक्रार नसल्याने त्यांना नवा क्लच फुकट मंजूर झाला. साहेब मंजुरीवर सही करताना एवढंच म्हणाले, "माझा क्लचही जरा घसरतोय हो." बाईंनी त्यांना बाहेरच्या एका चांगल्या गॅरेजचा पत्ता दिला.

मेहुणे गाडीपाशी विजयी मुद्रेने आले. "बघ! वॉरंटी शाबूत आहे."

"कंपनीची," बेबी म्हणाली, आणि तिने हात पुढे केला. "माझ्याकडे मशीन लागत नाही. आणा."

मेहुण्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. हल्ली ते शेजारच्या सीटवर बसतात आणि जिथे क्लच असायला हवा तिथे पाय दाबत राहतात. गाडी झकास पळते. तिसऱ्या गिअरमध्ये बेबी दिसली की आम्ही सगळे गॅलरीत येतो.

तुम्ही हसताय. हसा, हसा. पुढच्या आठवड्यात तुमची रक्ताची तपासणी आहे ना? म्हणूनच परवापासून चहात साखर बंद, सकाळी फिरणं सुरू, आणि फ्रीजमधली मिठाई शेजाऱ्यांकडे मुक्कामाला. डॉक्टर विचारतील, "बाहेरचं काही?" तुम्ही म्हणाल, "छे हो, घरचंच." फक्त कळवून ठेवतो, त्यांच्याकडे एक तपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते. आणि आपल्या रक्तात दुसऱ्याचा नंबर भरून देण्याची सोय उस्तादांकडे नाही.

मी विचारून आलोय.