सुखदेवकाकांचं जपानी थँक्यू

आमच्या वरठी गावात सुखदेवकाकांवर उपकार करायला माणसं घाबरतात. कारण काका आभार मानतात, आणि तेही जपानी गाणं म्हणून. पूर्ण गाणं. कडव्यांच्या मधलं संगीतसुद्धा तोंडानं.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर मोबाईलवर त्यांना हा शोध लागला. "जपानात याच्यासाठी खास गाने हायेत, बाप्पा! पोरगी लगनात मायबापापुढं म्हनते, पोट्टे शाळा सोडतानी मास्तरपुढं म्हनते. आन् आपन? नुसती मुंडी हालवतो!"

मी त्यांचा शेजारी. उन्हाळ्यात मी त्यांची बंद पडलेली स्कूटर ढकलली. भर दुपारी, रेल्वे फाटकाजवळ, चपला डांबरात रुतलेल्या, आणि मी गाणं ऐकतोय. शेवटी काका जपानी पद्धतीनं कमरेत वाकले ते वाकलेच. उसण भरली. मी धरून सरळ केलं. त्याबद्दल दुसरं गाणं! तेवढ्या वेळात फाटक दोनदा उघडून बंद झालं. दूधवाला तर आता थेंब जास्त पडला तरी परत काढून घेतो.

गाणं मिळालं नव्हतं ते फक्त शांतावहिनींना. काकांची आई लहानपणीच गेली. थोरल्या भावाच्या या बायकोनं लोकांच्या शेतांत, बांध्याबांध्यांत धान रोवून दिराला वाढवलं, शिकवलं. काकांनी लग्न केलं नाही. भाऊ वारला, पुतण्या नोकरीला पुण्याला गेला, तेव्हापासून घरात दोघंच.

"साऱ्या वरठीले आयकवतेस, मले कवा आयकवलं नाई," वहिनी टोमणा मारायच्या.

"घरच्याले कोनी थँक्यू म्हनते का व वयनी? तू का परकी हायेस?"

आता आमच्याकडे रीतच तशी. घरच्या माणसाचे आभार मानले तर ते रुसतं.

मग वहिनींच्या मुलानं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. काका मला म्हणाले, "गाडी सुटाच्या आंधी म्हनतोच. परकी वाटली तं वाटू दे." आठवडाभर भिंतीपलीकडे तालीम चालली. माझ्या बायकोनं कानात इतका कापूस कोंबला, की उशी अर्धी झाली.

स्टेशनवर वहिनी खिडकीत बसल्या. काकांनी घसा खाकरला, तोंड उघडलं. आवाज नाही.

"म्हन ना रे," वहिनी म्हणाल्या.

"पानी घेतलं का?" काका म्हणाले.

गाडी हलली.

मला असा संताप आला! आठवडाभर आमचे कान किटवले, आणि ऐन वेळी पाणी? मोटारसायकलवरून परतताना मी एकही खड्डा चुकवला नाही. दारात काका म्हणाले, "चाल, च्या मांडतो." आत जाऊन आधण ठेवलं आणि फोन लावला.

"वयनी, साखर कोठी ठेवतेस व?"

वहिनींनी गाडीतून सांगितलं. काकांनी डबा काढला.

"पत्ती?" तीही काढली. "हरद? जिरं? मोहरी?"

"च्यात मोहरी कायले पायजे रे?"

"सांग ना तू."

वहिनी सांगत राहिल्या. डबे सगळे समोरच्या फळीवर होते, काकांच्या नाकासमोर. मोहरीचा तर हातातच होता.

आधण आटत चाललं होतं. मी हळूच गॅस बारीक केला.