जनूकाकांच्या बाईसाहेब

जनूकाका घोड्यांना अरेतुरे करत, प्रवाशांना दमात घेत आणि शेळीला अहोजाहो करत. शेळीचं नाव बाईसाहेब. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण बोईसर स्टेशनाबाहेरचे टांगे आठवले की मला घोड्यांआधी तीच आठवते.

साठ सालानंतरच्या त्या वर्षांत मी तिथल्या शाळेत शिकवत होतो. काकांच्या घराशेजारी माझी भाड्याची खोली, आणि मधे त्यांचा तबेला. तीन घोडे, एक शेळी. तारापूरकडे नवं बांधकाम निघालं होतं, रोज कोणी ना कोणी साहेब गाडीतून उतरत. असेच एक साहेब टांग्यात बसून घड्याळ बघत होते. काका म्हणाले, "जरा थांबा. बाईसाहेबांचं खाणं होऊ दे. त्यांना बघितल्याबिगर राजा हलत नाय."

साहेब ओशाळले. "त्यांना घाई करू नका," म्हणाले.

मग फणसाचा पाला चघळत बाईसाहेब बाहेर आल्या. राजाने त्यांचे कान हुंगले आणि टांगा निघाला. चिंचणी येईपर्यंत साहेब मागे वळून वळून बघत होते.

शेळी हौसेने आणलेली नव्हती. तबेल्यात शेळी असली की घोड्यांवरचं अरिष्ट ती स्वतःवर घेते, अशी टांगेवाल्यांची समजूत. काका म्हणत, "आपल्या घोड्यांसाठी जीव देणार त्या. त्यांना अगं-तुगं कसं करायचं, मास्तर?"

एका उन्हाळ्यात घोड्यांत साथ आली. राजाने चंदी सोडली, गवत सोडलं. काका ओटीवरून तबेल्यात आणि तबेल्यातून ओटीवर येरझारा घालू लागले. ते बघून मलाही एका जागी बसवेना. तिसऱ्या दिवशी शेळीने पाल्याला तोंड लावलं नाही.

"घेतलं बघा तिने," काकी समाधानाने म्हणाल्या. "राजा उठेल आता."

काकांनी शेळी सोडली आणि आणून ओटीच्या खांबाला बांधली.

"अवो, घोडा जाईल," काकी म्हणाल्या. "त्यासाठीच आणलीय ना ती?"

"तवा ओळख नव्हती," काका म्हणाले आणि तबेल्यात गेले.

दुपारी काकींनी चहा माझ्या हाती पाठवला. दोघांचं बोलणं बंद होतं. काका तबेल्यात शेळीच्या रिकाम्या खुंट्याशी मांडी घालून बसले होते.

"कोणीतरी पायजे ना इथं," ते म्हणाले. "माझ्यावर येऊ दे."

शेळी दिसेना म्हणून राजा लाथा झाडत होता, दोर ताणत होता. काकांनी मूठभर गवत त्याच्यापुढे धरलं. मग माझ्याकडे पाठ केली आणि शेळीसारखे ओरडले.

राजाने कान टवकारले. काका पुन्हा ओरडले. राजा थांबला, मान खाली घालून त्यांच्या हातातलं गवत हुंगलं, आणि एक काडी ओढली.

तेवढ्यात ओटीवरून बाईसाहेबांनी उत्तर दिलं. लांबलचक, काळजीचं. काकांनी ओटीकडे बघितलं. चहा तसाच राहिला.

"मास्तर, तुमी जा," ते म्हणाले. "बाईसाहेबांना सांगा, मी बरा हाय."