साडूंचा डबा, माझं कपाट

मी एकदा करवत हातात घेतली की गोरक्षरावांच्या त्या डब्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही, असं मी बायकोला, मोहिनीला, छाती ठोकून सांगितलं. मोहिनी म्हणाली, "आधी आपल्या घरात करवत आहे का ते बघा."

गोरक्षराव म्हणजे माझे साडू. नाशिक रोडला राहतात. सटाण्याला सासूबाईंच्या मांजरीला पिल्लं झाली, तेव्हा एक त्यांच्याकडे गेलं आणि एक आमच्याकडे आलं. आमची ती ठकी. ठकी तिच्या वाळूच्या घमेल्यातून बाहेर पडली की निम्मी वाळू तिच्याबरोबर फिरायला निघते. हॉलमध्ये वाळू, पांघरुणात वाळू, एकदा तर माझ्या पोह्यांत वाळू. तिकडे गोरक्षरावांनी प्लास्टिकचा एक मोठा डबा घेतला आणि झाकणाला गोल भोक पाडलं. मांजर वरून आत उतरतं, वरूनच बाहेर येतं, वाळू आतच राहते. बस्स, एवढंच! पण त्याचा फोटो सासरच्या ग्रुपवर पडला आणि सगळ्या मावश्या टाळ्या वाजवत सुटल्या. सासूबाई एरवी जावयांशी शहरी मराठी बोलतात, पण फार खूश झाल्या की सटाण्याच्या बोलीवर येतात. त्यांनी बोलून निरोप पाठवला, "गोरक्षरावांच्या हातात कला शे."

शे! माझ्या वाट्याला आजवर नुसतं 'आहे' सुद्धा आलं नव्हतं. मी त्या निरोपाखाली अंगठा टाकला आणि दिवसभर जळत राहिलो.

मी साधा डबा करणार नव्हतो. प्लायवूड आणलं, बारीक जाळी आणली, करवत शेजाऱ्यांकडून आणली. खाली वाळूचा ट्रे, त्याच्यापुढे पायाची वाळू झडावी म्हणून जाळीची पायरी, वर सामानाला एक फळी, वारा खेळावा म्हणून दोन्ही बाजूंना जाळी आणि दाराला खालच्या अंगाला गोल भोक. वरून हिरवा रंग. आता फक्त ठकी आत बसलेली असताना एक फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, की गोरक्षरावांचा विषय संपला.

ठकीने वास घेतला, पाठ फिरवली आणि घमेल्यात जाऊन रोजच्यापेक्षा जास्त वाळू उडवली. मी तिला उचलून आत ठेवलं, तिने मला ओरबाडलं. मी मासळीचा तुकडा दाखवला, तिने तो बाहेरच खाल्ला. शेवटी मी गुडघ्यांवर बसून स्वतःचं डोकं भोकातून आत घालून दाखवलं. मागून मोहिनी म्हणाली, "तुम्हाला जमतंय तर तुम्हीच वापरा."

मी कोरी वाळू ट्रेसकट काढून घेतली, पेटी पुसली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोटून दिली.

शनिवारी सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी साडूंची मंडळीही जेवायला यायची होती. मी ऑफिसातून घरी आलो, तर सासूबाई डोळ्यांना पदर लावून त्या पेटीसमोर उभ्या. आत फळीवर दुधाचं पातेलं, आणि खाली, जिथे ट्रे होता तिथे, त्यांनी गावाहून आणलेला लोण्याचा गोळा.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "शहरात येऊन फ्रीजमधलं गारढोण दूध नको वाटतं, जाळीचं कपाट हवं, असं मी किती वर्षं दोघी पोरींना सांगते. कोणी मनावर घेतलं नाही. तुम्ही न सांगता बनवलं. भलतं झकास शे."

मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं. पण ते 'शे' कानात शिरलं आणि तोंड आपोआप मिटलं.

"पण हे भोक कसाले?" त्यांनी विचारलं.

"हात घालायला," मी म्हणालो. "दर वेळी दार उघडायला नको."

मोहिनीने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. सासूबाईंनी मात्र लगेच फोन लावला. "गोरक्षराव, तुम्ही मांजरीसाठी डबा बनवला. इथे ह्या जावईबापूंनी सासूसाठी कपाट बनवलं." लग्नानंतर इतकं सुख मला पहिल्यांदाच झालं.

रविवारी साडू आले आणि हात धुवायच्या आधी कपाटापुढे जाऊन उभे राहिले. दाराकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. मग पायरीच्या जाळीवर बोट टेकवून हळूच म्हणाले, "सोमनाथराव, ही जाळी वाळू झडायला ना?"

मी घाईघाईने त्यांना हात धुवायला बेसिन दाखवलं. तेवढ्यात आतून चपचप असा आवाज आला. भोकातून एक शेपूट बाहेर लोंबत होतं. माझ्या एवढ्या विनवण्यांना भीक न घालणारी ठकी आपणहून आत गेली होती!

सासूबाईंनी दार उघडलं. लोण्याचा गोळा अर्धा झाला होता आणि उरलेला अर्धा ठकीच्या मिशांना होता. "अरे देवा," सासूबाई माझ्याकडे वळल्या, "मांजर जाईल एवढं भोक दुधाच्या कपाटाला कोण ठेवतं?"

गोरक्षराव आता सगळं सांगणार, हे मला दिसतच होतं. त्यांच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं, वर ग्रुपवर फोटोही टाकला असता.

"आई, चूक माझी आहे," गोरक्षराव म्हणाले. "भोक ठेवा असं मीच सुचवलं होतं. सोमनाथरावांनी बिचाऱ्यांनी माझं ऐकलं."

सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गोरक्षराव, चूक कबूल कराले मन मोठं लागस," त्या म्हणाल्या. मोहिनीनेही मान डोलावली. जेवताना पुरणपोळीवरचं तूप आधी त्यांच्या ताटात पडलं.

जाताना साडूंनी मला दारात गाठलं आणि ठकीसाठी एक डबा आणून देऊ का, असं अगदी प्रेमाने विचारलं. मी आणा म्हणालो. दुसरं काय म्हणणार? या घरात खास माझी म्हणावी अशी एकच गोष्ट झाली होती, ती म्हणजे ते भोक, आणि कौतुकासकट तेही त्या माणसाने नेलं.