चार मजल्यांची मुलाखत

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मालक एका लिफ्टच्या डोक्यावर उभा होता. सहावा आणि सातवा मजला यांच्या मधोमध, एका हातात पाना, दुसऱ्या हातात बॅटरी आणि खिशात वाजणारा मोबाइल. "छातीत जरा जड वाटतंय, दाखवून येते. तुम्ही नका येऊ, तिथे लोक सात मजले जिने चढतायत," असं म्हणून बायको सकाळी एकटीच दवाखान्यात गेली होती. फोन डॉक्टरांचा होता. मालकानं ऐकून घेतलं, "येतो" म्हणाला, मोबाइल खिशात ठेवला आणि उरलेले दोन बोल्ट आवळले. काम अर्धवट टाकून आलेला माणूस तिला चालत नसे. मग तो खाली उतरला आणि रस्त्यावर आल्यावर त्याला आठवेना, की आपण निघालोय कुठे.

याला सहा महिने झाले.

मालकाची लिफ्टदुरुस्तीची कंपनी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, नऊ मेकॅनिक, बासष्ट लिफ्टा आणि एक टेबल. टेबलामागे बायको बसायची. शहरात कुठेही त्यांची लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसानं लाल बटण दाबलं, की त्या टेबलावरचा फोन वाजायचा. "किती जण आहात?" हा तिचा पहिला प्रश्न. मग मेकॅनिक पोचेपर्यंत ती बोलत राहायची. एका आजोबांना तिनं पाऊण तास बोलण्यात असं गुंतवलं होतं, की दार उघडल्यावर ते मेकॅनिकला म्हणाले, "थांब रे जरा, बाईंचं वाक्य पुरं होऊ दे."

माणसं घ्यायचं कामही तिचंच. आणि त्यावरून नवराबायकोचं बावीस वर्षं एकच भांडण चालू होतं. मालक बारावी नापास. त्याचं म्हणणं, माणूस घ्यायचा तर कुठेतरी राबलेला घ्या, नखात काळं गेलेला. मार्क काय चाटायचेत? बायको कॉलेजात पहिली आलेली. तिचं म्हणणं, "अहो, चार वर्षं एका जागी बसून न आवडणारं वाचायचं, ही पण नोकरीच असते. फक्त बिनपगारी." ती मार्क बघून पोरं घ्यायची, मालक महिनाभर त्यांना नावं ठेवायचा, आणि मग तीच पोरं त्याची लाडकी व्हायची. हे मात्र त्यानं तिच्याजवळ कधी कबूल केलं नाही. कबूल केलं असतं, तर जेवताना बोलायचं कशावर?

आता तिच्याच टेबलावर माणूस हवा होता.

"माणूस निवडणं म्हणजे काय मोठं काम आहे?" मालक म्हणाला. "चहा निवायच्या आत निवडतो."

"सहा महिने झाले," आबा म्हणाले. "चहाचं सरबत झालं."

आबा म्हणजे सगळ्यांत जुने मेकॅनिक. गुडघे गेल्यापासून ऑफिसातच बसून सुटे भाग साफ करायचे आणि मालकाला खरं बोलून दाखवायचे.

"आबा, ठरलं माझं. नव्वद टक्क्यांच्या खालचा अर्ज वाचायचासुद्धा नाही."

आबांनी हातातला फडका खाली ठेवला. "मालक, तुम्हाला बरं आहे ना? बावीस वर्षं तुम्हीच ओरडत होतात, की मार्क म्हणजे पोपटपंची."

"तेव्हा ती बाजू सांभाळायला ती होती."

आबांनी फडक्याची घडी घातली.

"आता ती बाजू मी घेणार," मालक म्हणाला. "माझी तुम्ही घ्या. वाद नीट व्हायला हवा."

आबा हुकमाचे पक्के. मालकाची बाजू घ्यायची म्हणजे घ्यायची. त्यांनी मालकानं केराच्या टोपलीत टाकलेल्या अर्जांतून एक अर्ज परस्पर बाहेर काढला आणि त्या पोरालाही मुलाखतीला बोलावून टाकलं. मार्क अठ्ठावन्न टक्के. पण कॉलेज चालू असताना चार वर्षं रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीवर नोकरी.

हुकूम पाळायची आबांची ही सवय पुढे चांगलीच महागात पडली. कारण मालकानं आणखी एक हुकूम दिलेला होता. बायकोचे दिवस झाल्यावर तो ऑफिसात आला, तेव्हा त्याला दिसलं, की एक मेकॅनिक बायकोच्या टेबलावर बूड टेकून फोनवर हसत बोलतोय. त्या दिवशी त्यानं सगळ्या लिफ्टांचे फोन आपल्या मोबाइलवर वळवून घेतले आणि सांगितलं, "नवीन माणूस येईपर्यंत या टेबलावरच्या फोनला कोणी हात लावायचा नाही." एकच लिफ्ट वळवता आली नाही. ऑफिसच्याच इमारतीतली. तिची तार थेट टेबलाला जोडलेली होती, बायकोनं हौसेनं जोडून घेतलेली. पण स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट कशाला अडकतेय? ती जरा कुरकुरत होती खरी. आबा चार महिने सांगत होते, की तिच्या दाराचा विजेचा संपर्क सैल झालाय, लिफ्ट मधेच थांबेल. मालक म्हणत होता, बघू.

मुलाखतीच्या दिवशी मालक दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दहा वाजता खाली जाऊन उभा राहिला. ही बायकोची पद्धत. उमेदवाराला ती स्वतः खाली जाऊन घ्यायची आणि लिफ्टमधून वर आणायची. "चार मजल्यांत माणूस कळतो," म्हणायची. "खुर्चीत बसला की तो उमेदवार होतो."

खाली दोघं उभी होती. एक मुलगी, छातीशी फाइल धरलेली. आणि एक मुलगा, हात रिकामे.

"मार्क?" मालकानं नमस्काराच्याही आधी विचारलं.

"ब्याण्णव टक्के, सर."

"आणि तुमचे?"

"मला आबांनी बोलावलंय," मुलगा म्हणाला.

मालकाच्या सगळं लक्षात आलं. याला वर नेऊन, पाणी देऊन, पाच मिनिटांत वाटेला लावू, असं मनाशी म्हणत त्यानं दोघांना लिफ्टमध्ये घेतलं. पहिला मजला गेला. दुसरा गेला. मग लिफ्टनं खोकला आल्यासारखा एक झटका दिला आणि ती थांबली. समोर नुसती भिंत.

तिघंही त्या भिंतीकडे बघत राहिले.

"ही परीक्षा आहे का, सर?" ब्याण्णव टक्क्यांनी विचारलं.

खोटं बोलायची याहून चांगली संधी मालकाला जन्मात मिळाली नव्हती. "हो," तो म्हणाला.

अठ्ठावन्न टक्के मात्र भिंतीला पाठ लावून सरकत सरकत खाली बसला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "किती वेळ चालते परीक्षा?"

"चार वर्षांचा अनुभव ना तुम्हाला?"

"खिडकीवरचा आहे. खिडकीतून हवा येते."

दारावर पाटी होती. बायकोनंच लिहून घेतलेली, बासष्टही लिफ्टांत तीच. मुलानं ती मोठ्यानं वाचली. "घाबरू नका. लाल बटण दाबा. आमचं माणूस फोनवर आहे." मग त्यानं मालकाकडे बघितलं.

मालकानं बटण दाबलं. वर, चौथ्या मजल्यावर, टेबलावरचा फोन वाजायला लागला. लिफ्टच्या विहिरीतून स्वच्छ ऐकू येत होता. वाजत राहिला. थांबला. मालकानं परत दाबलं.

"सर, ऑफिसात कोणी नाहीये का?" मुलीनं विचारलं.

"आहेत. आबा आहेत. फोनच्या शेजारी बसलेत."

"मग उचलत का नाहीत?"

"मीच सांगितलंय, उचलू नका म्हणून."

मुलीनं मान डोलावली. हाही परीक्षेचाच भाग असणार, अशा समजुतीनं तिनं आपला मोबाइल काढला, हात वर करून एका कोपऱ्यात जराशी रेंज पकडली आणि जाहिरातीतला नंबर लावला. मालकाच्या खिशातला मोबाइल वाजला. सहा महिन्यांच्या सवयीनं त्यानं तो कानाला लावला.

"नमस्कार, लिफ्ट दुरुस्ती. किती जण आहात?"

"तीन, सर," मुलगी त्याच्या शेजारून म्हणाली.

मालकानं फोन बंद केला. आबांना लावावा, तर आबांचा मोबाइल फक्त रविवारी, लेकीशी बोलण्यापुरता चालू व्हायचा. मेकॅनिकांना लावावा, तर सगळे दूर कामावर, आणि मालक स्वतःच्याच लिफ्टमध्ये अडकला हे त्यांना कळलं तर तो निवृत्त होईपर्यंत हसले असते.

"अग्निशमन दलाला बोलावू?" मुलीनं विचारलं.

"मग उद्या धंदाच बंद करतो," मालक म्हणाला आणि छताच्या झाकणाकडे हात नेला. "मी वरून बाहेर पडतो. तीस वर्षं हेच करतोय."

"नाही सर, अडकलेल्या माणसानं स्वतः बाहेर पडायचं नाही. लिफ्ट अचानक सुरू झाली तर?" तिनं फाइलमधून एक पत्रक काढलं. "तुमच्याच पत्रकात आहे. मी काल पाठ केलं."

ते पत्रक बायकोनं लिहिलं होतं. मालकाचा हात आपोआप खाली आला.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यानं विचारलं.

"आमच्या घरात सात माणसं आणि एक खोली आहे, सर. दोन वर्षं मी न्हाणीघरात अभ्यास केलाय, बादली पालथी घालून. तिथे याहून कमी जागा होती. आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी दार वाजवायचं."

बिनपगारी नोकरी, असं कोणीतरी मालकाच्या कानाशी म्हणाल्यासारखं झालं. आज संध्याकाळी घरी जाऊन हे तिला सांगायला हवं, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो पुरा होण्याआधीच बुडाला. दिवसातून पाच-सहा वेळा असं व्हायचं. विचार सरळ चालत यायचा आणि पायरी नसलेल्या जागी पाऊल टाकायचा.

मालकानं परत एकदा बटण दाबलं, आणि वरचा फोन वाजायला लागला तो वाजतच राहिला. एकदम खाली बसलेला मुलगा उठला. घामानं चिंब, चेहरा पांढरा, पण उठला.

"साहेब, मला बंद जागा एक वेळ चालेल. पण फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाही, हे मला नाही सहन होत. चार वर्षं झाली, घरी शेजाऱ्यांचा फोन वाजला तरी माझा हात उठतो. पलीकडे कोण असेल, काय झालं असेल, काय सांगावं?" त्यानं दाराच्या फटीला तोंड लावलं आणि जी हाक मारली, ती ऐकून दुसऱ्या मजल्यावरची दारंसुद्धा उघडली. "आबा, फोन उचला हो."

वरून आबांचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"आबा, मी," मालक ओरडला. "उचला तो फोन."

"तुम्हीच म्हणालात, उचलू नका."

"आता उचला म्हणतोय."

"नवीन माणूस आला का?"

"आबा, उचला."

पावलं वाजली. खुर्ची सरकली. फोन वाजायचा थांबला, आणि लिफ्टच्या भिंतीतल्या जाळीतून आबांचा आवाज आला. गेली वीस वर्षं, बायको जेवायला उठली की तो फोन आबाच घ्यायचे, आणि दर वेळी एकच वाक्य बोलायचे. हातात फोन आल्यावर त्यांच्या तोंडातून तेच निघालं.

"वहिनी जागेवर नाहीत. थोड्या वेळानं करा."

आणि त्यांनी फोन ठेवला.

मग मालकाला हसू आलं. आधी बारीक, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना. मुलीनं फाइल खाली ठेवली आणि ती भिंतीकडे बघत राहिली. मुलानं मालकाचा हात धरला आणि खिडकीवर बसून शिकला असेल त्या आवाजात म्हणाला, "बसा साहेब. घाई नाही. आपण इथेच आहोत."

वर आबाही फोनशेजारी बराच वेळ उभे होते, हे मालकाला नंतर कळलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हाक कुठून आली होती. मोडक्या गुडघ्यांनी ते गच्चीवरच्या यंत्रखोलीत चढले आणि हातानं चाक फिरवून त्यांनी लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणून लावली. दार उघडलं तेव्हा मुलगी पत्रकातले उरलेले नियम वाचून दाखवत होती आणि मुलगा डोळे मिटून ऐकत होता.

"मग? कोणाची बाजू जिंकली?" दोघं गेल्यावर आबांनी विचारलं.

"पोरगी घ्यायला हवी. डोकं शांत आहे, वाचलेलं विसरत नाही."

"म्हणजे मार्क."

"पोरगा घ्यायला हवा. त्याला फोन सहन होत नाही."

"म्हणजे अनुभव. अहो, एक काहीतरी ठरवा. फोन एक, टेबल एक, दोन माणसं कशी बसवणार?"

"ती एकटी दोन माणसांचं काम करत होती, आबा."

आबांनी फडका उचलला आणि जो भाग आधीच साफ झालेला होता, तोच परत पुसायला घेतला.

शेवटी मालकानं दोघांनाही घ्यायचं ठरवलं, एकीला सकाळी, एकाला दुपारी. लिफ्टच्या दाराचा संपर्क त्यानं दुसऱ्याच दिवशी स्वतः बदलला. दोघांची नेमणुकीची पत्रं लिहिली, आबांकडून वाचून घेतली, एक चूक सुधारून परत लिहिली. याला आता तीन आठवडे झाले. पोरगा दिवसाआड फोन करून विचारतो, पोरीनं दोनदा पत्र पाठवलं. मालक दोघांना सांगतो, एवढ्यात कळवतो.

कंपनीतल्या नेमणुकीच्या पत्रावर सही नेहमी बायकोच करायची. पत्रं टेबलावर तयार आहेत. सह्या व्हायच्या आहेत.