तारा दहा मिनिटं उशिरा

आमच्या सोसायटीतली सर्व घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत. कुणाला उशीर होऊ नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. उशीर सर्वांनाच होतो, पण शिस्तीत होतो.

अशा वातावरणात मी डायपरच्या दोन पाकिटांच्या खर्चात एक घड्याळ जुळवलं. लेक अनुश्री दूध पिऊन झोपली की तेवढ्या वेळात एखादी तार जोडायची. ते उपग्रहाकडून वेळ घेतं. सेकंदाचा हजारावा भागही चुकत नाही. तेवढी अचूकता हवीच होती. गुरुवारी संध्याकाळी सात पंचवीसला एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा दोनेक सेकंद विझणार, तेही आमच्या गच्चीवरून जाणाऱ्या अरुंद पट्ट्यातच दिसणार. नेमका केव्हा विझला हे टिपलं, तर त्या दगडाचं माप कळायला मदत होते. आमच्या गच्चीला असा योग माझ्या हयातीत पुन्हा नव्हता.

गच्चीची किल्ली सचिव यशवंतरावांकडे, रेल्वेतून निवृत्त. त्यांनी साडेसातपर्यंत परवानगी दिली आणि रीतसर घड्याळ तपासलं.

"पोरी, तुह्यं घड्याळ मागं आहे."

"काका, ते उपग्रहावर चालते."

"मग उपग्रह मागं असन. अख्ख्या सोसायटीचं चुकलं, अन् तुह्यं एकटीचं बरोबर?"

तातडीची सभा भरली. शेजारच्या कांताबाई कळवळून म्हणाल्या, "पोट्टी झोपू देत नाही तिले. आईचीच झोप नाही, तं घड्याळ मागं पडनच ना!" गेटवरच्या भैयांनी "हव" म्हणत मान डोलावली. ठराव संमत झाला: उपग्रहाने दहा मिनिटांची दुरुस्ती करून घ्यावी, तोवर गच्ची सोसायटीच्या वेळेनुसार बंद होईल.

"पण मग तारा सात पस्तीसला विझेल!"

"त्याले सांग, वेळेवर येत जा," यशवंतराव म्हणाले.

गुरुवारी सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूरही नेमका बाजूला सरकला होता. अनुश्री कडेवरून ताऱ्याला टाटा करत होती. यशवंतराव वर आले, "साडेसात!" म्हणाले, आम्हा दोघींना उतरवलं आणि कुलूप लावलं. जिन्यात मी पाच मिनिटं विनवत राहिले. शेवटी विचारलं, "काका, खरे किती वाजले?"

त्यांनी मनगट पाहिलं, क्षणभर डोळे मिटले. "खरे? सात पंचवीस."

वर तारा विझला असेल.

"म्हणजे तुम्हाले माहीत आहे?"

"सगळ्याईले माहीत आहे. पण खऱ्या वेळेवर चालाले लागलो, तं सोसायटी चालन का?"

हसलात? हसा. फक्त आत्ता भिंतीवरचं घड्याळ पाहून किती मिनिटं वजा केलीत, तेवढं सांगा.