तेरा शेंगांचा प्रयोग

सोमवारी सकाळी डॉ. माधवराव चौबळ रोह्याजवळच्या मुरादभाईंच्या शेतात पोचले आणि बांधावरच मटकन खाली बसले. लाल झेंडीच्या वाफ्यात वालाची चाळीस रोपं होती आणि त्यांवर औषधालासुद्धा शेंग उरली नव्हती. शेजारचा निळ्या झेंडीचा वाफा मात्र जसाच्या तसा. बांधापलीकडे एक काळं मडकं उपडं पडलं होतं, भोवती राख, भांबुर्ड्याचा पाला आणि कोंबडीची हाडं. जानेवारीत आपल्याकडे एवढं दिसलं की काय झालं ते कुणाला विचारावं लागत नाही. इथे पोपटी लागली होती, वालाच्या शेंगा कोंबडीबरोबर मडक्यात भाजून फस्त झाल्या होत्या.

"मुरादभाई! माझा कंट्रोल कुणी खाल्ला?"

मुरादभाई वीस वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवून आलेला शांत माणूस. "कंट्रोल कुणी नाय खाल्ला, सर. शेंगा खाल्ल्या. पुतण्या आलाय ना कतारवरनं, उबेद. बोलला, चाचा, पोपटी झाल्याशिवाय परत जानार नाय."

"अहो, पण माझ्याच शेंगा?"

हलीमाभाभी दारातून पुढे आल्या. "तुम्हीच सांगून गेलेलात ना, निळ्याला कुनी हात लावायचा नाय? नाय लावला. एक पान तोडलं नाय. आनि खरं सांगू का सर, लालच्याच शेंगा जास्त होत्या. भरलेल्या पन."

हे शेवटचं वाक्य एखाद्या शास्त्रज्ञाने ऐकायला हवं होतं. पण माधवराव तेव्हा तास मोजत होते. मंगळवारी अकरा वाजता बढतीची कमिटी येणार होती.

वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात. धरमतरच्या खाडीकडेच्या खाऱ्या मातीतून असाच एक जिवाणू माधवरावांनी शोधून काढला होता आणि गेली बारा वर्षं ते त्याचंच खात होते. पेरण्याआधी हा जिवाणू बियांना चोळला की शेंगा अडतीस टक्के वाढतात, असं त्यांचं म्हणणं. निळ्या वाफ्यातलं बी जिवाणू चोळलेलं, लाल वाफ्यातलं कोरडं, तोच कंट्रोल. दोन्हींची तुलना केली की झालं संशोधन. माधवरावांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि ते अजून सहयोगी प्राध्यापकच होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण प्राचार्य होऊन आता त्यांच्याच रजेच्या अर्जावर सह्या करायचा. "निरोपाच्या हारावर तरी प्राध्यापक म्हणू देत तुम्हाला," असं वृंदावहिनी सकाळच्या चहाबरोबर रोज ऐकवायच्या.

कमिटीच्या अध्यक्ष होत्या डॉ. कारखानीस. तुरीच्या जिवाणूंवरचं त्यांचं काम देशभर गाजलेलं. शेंगांनी वाकलेल्या त्यांच्या तुरीच्या रोपाचा मोठा फोटो माधवरावांनी फ्रेम करून प्रयोगशाळेत लावला होता. बावीस वर्षं प्रत्येक वर्गाला ते फोटोसमोर उभं करून सांगत, "बघा, याला म्हणतात जिवाणू!"

"सर, सरळ सांगू या ना, पोपटी लागली म्हणून," शेतावर बरोबर आलेली स्पृहा म्हणाली. ती त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, त्यामुळे तिला खरं बोलायची सवय अजून होती.

"अगं, त्यांना वाल भेटतो तो थेट बिरड्यात! पोपटी काय सांगतेस त्यांना? आणि रिपोर्टात अडतीस टक्के छापलंय. शून्यावर अडतीस टक्के कसे काढणार?"

स्पृहाने हिशेब करून पाहिला. खरंच निघत नव्हते.

निळ्या वाफ्यात रोपामागे अठरा शेंगा होत्या. म्हणजे अडतीस टक्के जमायला लालमध्ये तेरा हव्यात. माधवराव तसेच पेणला गेले, बाजारातून चार किलो वालाच्या शेंगा घेतल्या आणि पिशवीसकट आदेशच्या कारखान्यात शिरले. आदेश त्यांचाच विद्यार्थी, एम.एस्सी.ला पहिला आलेला. चार वर्षं नोकरी शोधून आता वडिलांच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतो. माधवराव दरवर्षी वर्गात त्याचं उदाहरण देत, फक्त कशाचं ते सांगत नसत.

"शेंगा बांधायच्या?" आदेशने ब्रश खाली ठेवला. "झाडाला?"

"बारीक दोऱ्याने. प्रत्येक रोपाला तेरा. एक कमी नको, एक जास्त नको."

"सर, बाप्पाला सोंड बसवतो आम्ही. शेंगेचं काय घेऊन बसलात! बायजाबाईंना घेतो बरोबर. मूर्तीचे दागिने त्याच बांधतात."

माधवरावांना जातीने उभं राहायचं होतं. पण प्राचार्यांनी कमिटीच्या जेवणात काय काय ठेवायचं यावर मीटिंग लावली होती आणि कोलंबी की सुरमई हा प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटला नाही.

मंगळवारी साडेदहाला ते शेतात आले आणि भारावून गेले. लाल वाफा नुसता लगडला होता! प्रत्येक शेंग डौलाने वळलेली, देठांवर हिरव्या रंगाचा हलका हात फिरवलेला, वर पाण्याचा शिडकावा. माधवरावांनी एका रोपावरच्या शेंगा मोजल्या. मग दुसऱ्या रोपावरच्या मोजल्या. मग त्यांना घाम फुटला.

"आदेश! एकवीस आहेत या! तेरा सांगितल्या होत्या ना?"

आदेशने बायजाबाईंकडे बघितलं. बायजाबाईंनी पदर खोचला. "तेरा? तेरावं मेल्याचं घालतात, सर! इतकं शुभ काम, तुमची बढती, आनि मी तेरा बांधू? एकवीसच बांधल्या. माझ्या हातून तेरा व्हायचं नाय."

"मी बोललो होतो सर," आदेश पुटपुटला. "पण यांच्यापुढे बाबांचं पण चालत नाय."

स्पृहाने मोबाइलवर आकडेमोड केली. "सर, आता आपला जिवाणू लावला की उत्पादन चौदा टक्के घटतं."

"गप्प बस गं बाई!"

चाळीस रोपांच्या आठ-आठ शेंगा उतरवायला वेळ कुठला? वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. मग माधवरावांनी तीस वर्षांच्या नोकरीत केलं नव्हतं इतक्या चपळाईने एक काम केलं. निळी झेंडी उपटली, लाल उपटली आणि अदलाबदल करून रोवली.

"सर, झेंड्या उलट्या—"

"मुरादभाई, चहा!"

कमिटीतले दोन सदस्य गाडीतून उतरले ते थेट शहाळ्यांपाशी थांबले. कारखानीसबाई मात्र वाफ्यांकडे आल्या. आधी लाल झेंडी बघितली, मग निळी. निळीपाशी त्या वाकल्या. "वा! क्या बात है!" म्हणत त्यांनी एक शेंग तोडली.

शेंग आली. शेंगेमागून वीतभर पांढरा दोराही आला, शेवटी बायजाबाईंची पक्की गाठ.

माधवरावांना वाटलं, धरणीमाय, पोटात घे. बारा वर्षं गेली, प्राध्यापकी गेली, उद्या पेपरात नाव यायचं आणि ते वृंदाने वाचायचं. स्पृहा आभाळाकडे बघत होती. आदेशने रंगाचे हात पाठीमागे लपवले.

बाईंनी दोरा पाहिला, गाठ पाहिली, आदेशकडे पाहिलं. मग दोरा शांतपणे बोटाभोवती गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि माधवरावांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "पांढरा दोरा, चौबळ? अहो, हिरवा मिळतो बाजारात."

आणि लगेच खणखणीत आवाजात, "उत्कृष्ट काम आहे! सही कुठे करायची?"

मार्चमध्ये पत्र आलं. प्राचार्यांनी पेढे वाटले, वृंदावहिनींनी दारावरची पाटी बदलून घेतली. त्याच दिवशी दुपारी प्राध्यापक माधवराव चौबळ यांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं, तुरीचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि मुळांवरच्या गाठी मोजायचं मोठं भिंग त्यावर धरलं. पहिला देठ, दुसरा देठ, तिसरा देठ. सातव्या देठापाशी ते थांबले. दोरा हिरवाच होता. गाठ मात्र बायजाबाईंच्या मानाने अगदीच ढिली होती.

जूनमध्ये नवा वर्ग आला. माधवरावांनी मुलांना फोटोसमोर उभं केलं, भिंग खिशात नीट खाली सरकवलं आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात जिवाणू! जरा लांबूनच बघा."